ओळख न पटलेले प्रोसेसर

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला कार्यशाळेतला सर्व्हर सुरू झाला नाही, आणि दहा वाजायच्या आत घरातल्याच एका माणसावर चोरीचा आळ आला. आत्यांना निरोप पोहोचला तो साडेदहाला. त्या वेळी त्या गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून बसल्या होत्या, आणि आज कुणाचेही काहीही हरवू नये एवढीच त्यांची अपेक्षा होती.

एकतीस वर्षे त्यांनी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली होती. निवृत्त झाल्यावर नात्यागोत्याने त्यांची परस्पर नेमणूक करून टाकली : कुठे काही हरवले, फुटले, कुणी कुणावर संशय घेतला, की आत्यांना बोलवा. त्या कुणाचीच बाजू घेत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. खरे तर त्या थकलेल्या होत्या, आणि बाजू घ्यायलाही अंगात थोडे बळ लागते.

कार्यशाळा त्यांच्या दोन भाच्यांची. तिथे कृत्रिम पाय बनत. थोरला हाताचा कारागीर. पायाचा वरचा पेला, ज्यात माणसाचा उरलेला पाय बसतो, तो घडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. धाकटा संगणकावर मापे घेई आणि पेल्याचा आकार सर्व्हरकडून काढून घेई. सर्व्हर जुना, कुणीतरी वापरून टाकलेला. एका आकाराला तो सहा तास घेई. म्हणून बारा तारखेला, शुक्रवारी, धाकट्याने त्यातले दोन्ही प्रोसेसर काढून त्याच खाचेत बसणारे, पण पुढच्या पिढीचे दोन बसवले. तेही वापरलेलेच. सहा तासांचे काम दोन तासांवर आले. अकरा दिवस सगळे सुरळीत चालले. आज बारावा होता.

"बघ, आत्या. तूच बघ," आत्या कार्यशाळेत पोहोचताच थोरला म्हणाला आणि त्याने बटण दाबले.

पंखे घोंघावू लागले. पडदा काळाच राहिला. यंत्राच्या कपाळावरचा पिवळा दिवा तीनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा तीनदा लुकलुकला. झाकणाच्या आतल्या बाजूला अशा खुणांचा तक्ता चिकटवलेला होता. थोरल्याने त्यावर बोट ठेवले. तीन लुकलुकी : प्रोसेसरची ओळख पटत नाही.

"यंत्रच सांगतंय! हे ते प्रोसेसर नाहीतच. चांगले काढून विकले आणि कुठलं तरी डबडं आत घातलं. आणि काढलेले जुने दोन? महिनाभर कपाटात ठेव म्हणून बजावलं होतं मी. उघड ते कपाट. रिकामं!"

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक हिच्याकडे, एक याच्याकडे." 'ही' म्हणजे त्याची बायको, जी दाराशी उभी होती, 'हा' म्हणजे धाकटा, जो खिडकीशी उभा राहून बाहेरच्या भिंतीकडे पाहत होता. "मागे लेथची मोटर अशीच न विचारता विकली होती यानं. तेव्हा गिळून बसलो. आता नाही. संध्याकाळी सहापर्यंत सामान आवर म्हणून सांगितलंय. यापुढे हा या कामात नको मला."

"यंत्र काय म्हणतं म्हणालास?" आत्यांनी पुन्हा विचारले.

"ओळख पटत नाही."

"ओळख पटत नाही म्हणतं. बदलले म्हणत नाही. माझ्या वर्गातली मुलं वीस वर्षांनी रस्त्यात भेटतात, मलाही त्यांची ओळख पटत नाही. म्हणून ती मुलं बनावट ठरत नाहीत."

"तू शब्दात पकडू नकोस गं."

"मी कशातच पकडत नाहीये. खुर्ची दे आधी."

धाकटा पहिल्यांदाच वळला. "आत्या, नव्या प्रोसेसरांना मी शुक्रवारनंतर हात लावलेला नाही."

"आणि जुन्यांना?"

धाकट्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

२

थोरल्याला आणि त्याच्या बायकोला, म्हणजे सुनेला, आत्यांनी बाहेर पाठवले. दार लोटून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "मला कारणं सांगू नकोस. काय केलंस ते क्रमानं सांग."

धाकट्याने सांगितले. शुक्रवारी आधी सर्व्हरमधला नाण्याएवढा सेल बदलला, कारण जुना संपला होता आणि यंत्राचे घड्याळ रोज काही वर्षे मागे जात होते. मग फर्मवेअर नवे केले. फर्मवेअर म्हणजे यंत्र जागे होताना सगळ्यात आधी वाचते ती सूचनावली. कोणते प्रोसेसर ओळखायचे याची यादी तिच्यातच असते. जुन्या सूचनावलीला पुढच्या पिढीचे प्रोसेसर ठाऊक नव्हते, नवीला होते. ती लिहून झाल्यावर जुने प्रोसेसर काढून नवे बसवले.

"काल?"

"काल साडेपाचला नेहमीसारखं बंद केलं. भिंतीतला प्लगही काढला. विजेचा भरवसा नाही इथे, रोजच काढतो. आज दादानं लावला, तो हे असं."

"बसवताना फोटो काढले होतेस का?"

होते. फोनमध्ये, त्या शुक्रवारच्या तारखेसह. दोन्ही प्रोसेसरांचे क्रमांक स्वच्छ वाचता येत होते, आणि एकाच्या कोपऱ्यावर केसाएवढा वाकडा चरा होता. धाकट्याने टॉर्च आत्यांच्या हाती दिला, पेचकस घेतला आणि प्रोसेसरांवरचे उष्णता खेचून घेणारे धातूचे ठोकळे काढून राखाडी लेप पुसला. टॉर्चचे बूड सैल होते. सेल सारखा बाहेर डोकावत होता आणि त्यावर काळ्या मार्करने तारीख लिहिलेली होती.

"हे काय?"

"सवय. कुठलाही सेल बसवला की तारीख लिहितो. किती दिवस टिकला ते कळतं. वहिनी हसते मला, सेलांची बारशी करतो म्हणून."

आत्या हसल्या नाहीत. चांगली सवय दिसली की त्यांना हसू येत नसे. त्यांनी प्रकाश प्रोसेसरांवर धरला. तेच क्रमांक. तोच वाकडा चरा.

"म्हणजे बदललेले नाहीत," धाकट्याचा आवाज एकदम तरुण झाला.

"बदललेले नाहीत एवढंच कळलं. जळालेले आहेत की नाहीत, ते कळलं नाही. अकरा दिवस जे चाललं ते बाराव्या दिवशी चालत नाही, तेव्हा मधे काहीतरी बदललेलं असतं. प्रोसेसर तेच. बाकीचं सगळं तेच आहे का?"

प्रकाश यंत्रातल्या सर्किटच्या पाटीवरून सावकाश फिरू लागला. पंखे, तारा, मेमरीच्या उभ्या पट्ट्या. एका कोपऱ्यात नाण्याएवढा सेल चकचकत होता. इतका स्वच्छ की आत्यांना त्यात टॉर्चचे प्रतिबिंब दिसले. त्या वाकल्या. गुडघ्यातून कळ गेली. त्यांनी ती जाऊ दिली.

"यावर तारीख का नाही रे?"

धाकट्याने सेल नखाने उचकटला आणि उलटसुलट करून पाहिला. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

"आत्या," तो म्हणाला, "हा मी बसवलेला नाही."

३

सून मागच्या खोलीत पट्ट्यांची बक्कले मोजून ठेवत होती. कार्यशाळेचे सगळे सामान तिच्या ताब्यात होते. आत्या आल्या तशी तिने दुसरे स्टूल पुढे सरकवले.

"कपाट रिकामं असल्याचं तुला कधी कळलं?"

"आज सकाळीच."

"आज सकाळी तुझा नवरा ओरडत होता आणि तू दाराशी शांत उभी होतीस. ज्याला आजच कळतं, तो निदान कपाटापर्यंत जातो."

सुनेने हातातले बक्कल खाली ठेवले. "गेल्या आठवड्यात कळलं. भाऊजींना पिशवीत घालून नेताना पाहिलं. त्या जुनेजाणत्याकडे नेले."

जुनेजाणते म्हणजे वापरलेल्या यंत्रांचा दुकानदार. दुकानावर पाटी वेगळीच होती, पण हे नाव त्याला कुणीतरी ठेवले आणि ते चिकटले.

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलू, आत्या? बोलले असते तर हेच भांडण आठ दिवस आधी झालं असतं. आठ दिवस तेवढेच सुखाचे गेले. दोघांच्या मधे उभं राहून राहून माझी पाठ गेलीय. यांना वाटतं मशीन आलं की आपले हात बिनकामाचे. भाऊजींना वाटतं दादा आपल्याला पोरसवदा समजतो. दोघंही मलाच येऊन सांगतात. एकमेकांना सांगायला काय होतं?"

आत्यांनी त्याहून सोपा प्रश्न विचारला. "सेल कोण आणतं इथे?"

"कुणी नाही. ज्याचा संपेल तो बघतो. मामंजींच्या वेळेपासूनचं आहे ते. ते म्हणायचे, काम अडलं की समोर दिसेल ते घ्या, फक्त सकाळी जागेवर दिसलं पाहिजे. सकाळी जागेवर असलं तर ती चोरी नाही. माझ्या शिलाईच्या कात्रीनं यांनी एकदा पत्रा कापला होता. सकाळी जागेवर होती. फक्त कात्री राहिली नव्हती ती."

"काल साडेपाचनंतर कोण होतं?"

"भाऊजी आणि मी बरोबरच निघालो. हे होते. उद्या त्या ट्रकवाल्याचा पाय द्यायचाय ना, त्याचा पेला ओतत होते. साडेसातला घरी आले, हात नुसते चिकट." ती थांबली. "का? काय झालं?"

"अजून काही नाही," आत्या म्हणाल्या. "पण धाकट्यानं मला अर्धवट सांगितलंय, आणि आता दुपारचे दोन वाजलेत."

४

आत्या धाकट्याला घेऊन रिक्षाने जुनेजाणत्यांकडे गेल्या. दुकानाच्या पायरीवर धाकटा थबकला. "आत्या, आत काय ऐकशील ते दादाला..."

"चल आत."

जुनेजाणते एका उघड्या यंत्रातून ब्रशने धूळ काढत होते. धाकट्याला पाहून त्यांचा चेहरा फुलला, आत्यांना पाहून थोडा आवरला.

"जुने प्रोसेसर? आहेत की! हे काय, डब्यात. आमचा नियमच आहे बाई, पुढच्या पिढीचा माल हवा तर मागच्या पिढीचा इथे ठेवायचा. यांनी आनंदानं ठेवला."

"दादाला सांगितलं असतं तर त्यानं नवे घेऊच दिले नसते," धाकटा जमिनीकडे पाहत म्हणाला. "त्याला जुने घरात हवे होते. मला खात्री होती नवे चालणार. चाललेही."

"तुझा भाऊ म्हणतो तितका तू चोर नाहीस," आत्या म्हणाल्या, "पण तू स्वतःला वाटतोस तितका शहाणाही नाहीस. आज सकाळी ते जुने प्रोसेसर कपाटात असते तर काय केलं असतंस?"

"घालून पाहिले असते."

"आणि यंत्र जागं झालं असतं किंवा नसतं. पाच मिनिटांत कळलं असतं, दोष नव्या प्रोसेसरात आहे की यंत्रात. तुला सोडवणारी एकच चाचणी होती, ती तूच पिशवीत घालून इथे आणून दिलीस. वर ते लपवायचं म्हणून सकाळपासून भिंतीकडे बघत उभा आहेस."

धाकट्याचे कान लाल झाले. आत्यांनी जुनेजाणत्यांना तीन लुकलुकींचे सांगितले. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"फर्मवेअर नवं केलं होतं ना? मग ओळखायला पाहिजे. पण एक आहे. या सर्व्हरात फर्मवेअरचे दोन कप्पे असतात. नवं लिहिलं की ते दुसऱ्या कप्प्यात जातं, पहिल्यात जुनं तसंच राहतं. नवं बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. आणि यंत्राला सांगून ठेवावं लागतं, बाबा रे, उठलास की दुसरा कप्पा वाच."

"मला वाटलं ते एकदा सांगितलं की कायमचं," धाकटा म्हणाला.

"आणि न सांगितलं तर?" आत्यांनी विचारले.

"तर पहिला वाचणार. जुनी यादी. त्यात हे प्रोसेसर नाहीत. म्हणजे ओळख पटायची नाही."

आत्यांनी पुढचा प्रश्न अगदी सावकाश विचारला. एकतीस वर्षांत, उत्तर आधीच दिसू लागले की त्या मुद्दाम सावकाश बोलत.

"'दुसरा कप्पा वाच' हे यंत्र कुठे लक्षात ठेवतं?"

"घड्याळाच्या शेजारी," जुनेजाणते म्हणाले. "सेलवर चालणारी आठवण असते ना, तिच्यात. प्लग काढलेला असताना सेल काढलात, तर सगळं विसरतं ते."

"जुन्या प्रोसेसरांचा डबा द्या," आत्या उठत म्हणाल्या. "आणि त्या मापाचा एक सेलही द्या."

५

कार्यशाळेत पोहोचायला साडेचार झाले. दाराशी धाकट्याची पिशवी भरून ठेवलेली होती. कुणी भरली ते आत्यांनी विचारले नाही. थोरला पेल्याच्या कडा घासत होता. त्याने मान वर केली नाही.

आत्यांनी जुनेजाणत्यांकडचा सेल तळहातावर ठेवला आणि त्या खोल्यांतून फिरू लागल्या. भिंतीवरच्या घड्याळाला पेन्सिल सेल. जाडी मोजायच्या कॅलिपरला शर्टाच्या बटणाएवढा. रिमोटला दोन बारके. थोरला आता घासायचे थांबून पाहत होता.

"काय शोधतेस?"

"तारीख."

रेझिनच्या टेबलावर छोटा वजनकाटा होता. रेझिन म्हणजे पेला ओतायचा चिकट पदार्थ; त्याला घट्ट करणारा हार्डनर किती घालायचा ते त्यावर तोलले जाई. प्रमाण चुकले तर पेला एकतर चिकट राहतो, नाहीतर तडकतो. आत्यांनी काटा उलटा केला, बुडाचे झाकण सरकवले आणि हातातला सेल शेजारी धरला. माप तेच. काट्यातला सेल त्यांनी काढून धाकट्याला दिला.

त्यावर काळ्या मार्करने, बारीक अक्षरात, बारा तारीख लिहिलेली होती.

"हे माझं अक्षर," धाकटा म्हणाला. "हा सर्व्हरमधला सेल आहे."

"काल साडेपाचनंतर हा काटा कुणी वापरला?" आत्यांनी विचारले, जरी इथे उत्तर देऊ शकणारा माणूस एकच होता.

"मी," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. होते ते नुसते आश्चर्य. "हार्डनर अर्धा ओतला होता आणि काटा गेला. रेझिन काय, थांबतं? हिच्या सामानात सेल नव्हता. यानं सर्व्हरात नवा घातलेला मी पाहिला होता. झाकण उघडलं, काढला, काम केलं. सकाळी येताना घड्याळवाल्याकडून नवा आणला आणि जागेवर ठेवला. नवा! जुना नव्हे. यात काय चुकलं?"

"सकाळपासून हे बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही. आणि सेलचा प्रोसेसरशी संबंध काय, आत्या? एवढं धूड भिंतीतून वीज खातं. त्याला या टिकलीचा आधार लागतो होय? पुरे झालं. याला वाचवायला तू काहीही जुळवतेस."

भिंतीवर पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

६

"विश्वास ठेवू नकोस," आत्या म्हणाल्या. "मीही ठेवलेला नाही. करून बघू."

धाकट्याने सर्व्हरचा सेल जागेवर दाबून बसवला आणि नवे प्रोसेसर काढून जुने बसवले. लेप नव्याने लावायचा, ठोकळे पुन्हा आवळायचे, म्हणून वेळ लागला. सुनेने दिवा धरला. थोरला हाताची घडी घालून उभा राहिला. बटण दाबले, पंखे घोंघावले, पडदा उजळला. यंत्र जागे झाले आणि आपल्याला काही वर्षांपूर्वीची तारीख वाटते आहे असे त्याने जाहीर केले. खाली एक ओळ होती : फर्मवेअर, कप्पा पहिला.

"एवढं पुराव्याला पुरे," आत्या म्हणाल्या. "पण तुला पुरणार नाही."

धाकट्याने दुसरा कप्पा निवडला, यंत्र बंद केले, प्लग काढला, नवे प्रोसेसर परत बसवले. ज्यांच्यावर सकाळी बनावट असल्याचा आरोप होता त्यांनी निमूटपणे काम सुरू केले.

"योगायोग," थोरला म्हणाला. पण आवाजातली धार गेली होती.

"शक्य आहे. आता प्लग काढ आणि सेलही काढ. तुझ्या हातानं. मिनिटभर थांब, मग परत घाल."

थोरल्याने सेल काढला. त्याची बोटे जाड होती, पण काम नाजूक करत. मिनिट गेले. त्याने सेल बसवला, प्लग लावला, बटण दाबले. पिवळा दिवा तीनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा तीनदा लुकलुकला.

थोरला त्या दिव्याकडे बराच वेळ पाहत राहिला. सहा वाजून गेले होते; दाराशी भरलेली पिशवी तशीच होती.

"मी काढला होता," शेवटी तो म्हणाला.

"ऐकलं मघाशी," धाकटा म्हणाला. तो पुन्हा जुने प्रोसेसर बसवायला घेत होता. "आता दोन्ही कप्प्यांत नवंच लिहून टाकतो. मग खुशाल काढ सेल."

"मला काय ठाऊक रे, एवढ्याशा चकतीत..."

"सेलचं जाऊ दे, दादा. काम अडलं असतं तर मीही काढला असता. पण साडेनऊला यंत्र बंद पडलं आणि पावणेदहाला तू मला चोर म्हणालास. मधे पंधरा मिनिटं होती. एकदा विचारायचं होतंस." त्याने लेप पुसायचे फडके घडी करून ठेवले. "आणि जुने प्रोसेसर मीच दुकानात दिले होते. तुला सांगितलं नाही. ते माझं चुकलं."

आत्या खुर्चीत बसून होत्या. त्यांचे काम झाले होते. काय घडले ते त्यांनी दाखवून दिले होते. पुढे काय घडावे, हा त्यांचा विषय कधीच नव्हता. तरी त्या उठल्या नाहीत.

थोरल्याने ट्रकवाल्याचा पेला हातात घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवला. पेला माणसाच्या पायावर चढवून, तो कुठे टोचतो, कुठे सैल पडतो हे पाहणे हे वडिलांनंतर त्याने कधीच दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते. धाकट्याने तर मागायचेही सोडले होते.

"उद्या साडेनऊला तो येतोय," थोरला म्हणाला. "पेला तू चढव. मी बाजूला उभा राहतो."

सुनेने दिवा खाली केला. धाकट्याने फडक्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

"उद्या मी येणार नाही," तो म्हणाला. "परवा येईन."

"उद्या का नाही?"

"उद्या नाही, दादा. इतकंच."

थोरल्याने तोंड उघडले. आत्यांना वाटले, आता हा ओरडणार. पण त्याने पेला टेबलावर अलगद ठेवला, खिशातून फोन काढला आणि पाठ वळवून नंबर लावला.

"हां, मी कार्यशाळेतून बोलतोय. उद्या येऊ नका, परवा या... नाही नाही, पेला तयार आहे हो. बसवणारा माणूस परवा येणार आहे."